राहुलाचा आरसा, इग्नेशियसच्या रेषा

आषाढ पौर्णिमा, रात्री

आजपासून वर्षावास, म्हणजे भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ. विहारांतून तीन महिने बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालेल. परवा ३१ जुलै, म्हणजे जेझुइट संघ स्थापणाऱ्या कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलाचा सण. दोन्ही दिवस असे लागून आले की मनातला जुना प्रश्न पुन्हा वर येतो: एकट्या माणसाच्या रोजच्या साधनेला बुद्धाचा मार्ग काय देतो आणि ख्रिस्ताचा काय देतो?

हा प्रश्न बहुधा देव आहे की नाही, आत्मा आहे की नाही, या उंबरठ्यावरच अडतो. तिथे वाद रंगतात, पण साधनेला कुणी बसत नाही. म्हणून तुलनेसाठी एकच लहानशी जागा धरावी: रात्री निजण्यापूर्वी आपण सरलेल्या दिवसाकडे कसे पाहतो? या एका गोष्टीसाठी दोन्ही परंपरांत ठरलेली, पायऱ्यापायऱ्यांची पद्धत आहे आणि दोन्ही पद्धती घरसंसार करणाऱ्यालाही जमतात.

बौद्ध बाजूला मज्झिम निकाय या पाली उपदेशसंग्रहातले ६१ वे सुत्त आहे, अम्बलट्ठिक राहुलोवाद: बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, केलेला उपदेश. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता असे अट्ठकथा, म्हणजे सुत्तावरची जुनी टीका, सांगते. पाय धुऊन झाल्यावर बुद्ध भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवतात आणि राहुलाला दाखवतात: जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रामण्य, म्हणजे भिक्षुपण, एवढेच. मग ते पाणी फेकून देतात, भांडे पालथे घालतात, पुन्हा उलटून रिकामे भांडे दाखवतात. प्रत्येक वेळी तीच गोष्ट, आणखी कठोर करून. त्यानंतर विचारतात, राहुला, आरसा कशासाठी असतो? ‘पच्चवेक्खणत्थो’, म्हणजे नीट पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कर्म पाहून, पुन्हा पाहून करावे: ‘पच्चवेक्खित्वा पच्चवेक्खित्वा’.

अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिकांनी वारंवार ऐकावे म्हणून जी धम्मवचने नोंदवली, त्यांत ‘खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश’ही आहे. एका लहान मुलाला केलेला उपदेश सम्राटाला सगळ्यांसाठी हवासा वाटला, याचे मला फार मोल वाटते.

पद्धत अशी. काया, वाचा, मन अशी कर्माची तीन दारे. प्रत्येक दारावर तीन वेळा थांबायचे: करण्याआधी, करताना, केल्यावर. प्रश्न एकच: याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होईल का? होणार असेल तर करू नये. चालू असेल तर सोडावे. होऊन गेले असेल, तर कायेचे आणि वाचेचे कर्म शास्त्यापुढे (गुरूपुढे) किंवा सुज्ञ सब्रह्मचाऱ्यापुढे (सहसाधकापुढे) उघड करावे आणि पुढे संयम ठेवावा. मनाचे असेल तर त्याची लाज आणि शिसारी वाटावी. कर्म कुशल असेल तर? याच सुत्तात उत्तर आहे: त्या आनंदात रात्रंदिवस शिकत राहावे. हा शेवटचा भाग हटकून गाळला जातो.

आणखी एक चूक नेहमी होते. ही पद्धत फक्त रात्रीची म्हणून वापरली, तर तिचा एकच तृतीयांश हाती लागतो. तिचे खरे बळ ‘आधी’मध्ये आहे. मोबाइलवर रागाचा संदेश लिहून झाला आहे आणि पाठवायचे बटण दाबायचे आहे, तो क्षण म्हणजे राहुलाचा आरसा. रात्रीपर्यंत थांबलो तर उरते ती फक्त नोंद.

३१ जुलै, रात्री

इग्नेशियसची पद्धत. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पायाला गोळा लागलेला हा सैनिक पुढे स्पेनमधल्या मानरेसा गावी राहिला आणि तिथल्या अनुभवांतून त्याची ‘आध्यात्मिक साधना’ आकाराला आली. १५४८ मध्ये पोपने तिला मान्यता दिली. ती आपल्याकडे पोचली ती त्याआधीच: पॅरिसमध्ये इग्नेशियसकडून ही साधना घेतलेला फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरला होता.

तिच्यातल्या रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. पहिली, मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार. दुसरी, आपली पापे दिसावीत आणि टाकता यावीत म्हणून कृपेची याचना. तिसरी, उठल्यापासून आतापर्यंत तासातासाने हिशेब: आधी विचार, मग शब्द, मग कृती. चौथी, क्षमायाचना. पाचवी, त्याच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय. शेवटी प्रभूची प्रार्थना. सगळे मिळून पंधरा मिनिटे पुरतात.

विचार, शब्द, कृती. मन, वाचा, काया. दोन हजार वर्षांच्या आणि हजारो कोसांच्या अंतरावरच्या दोन माणसांनी वहीत तेच तीन रकाने आखले आहेत. म्हणून दोन्ही मार्ग एकच, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. रकाने तेच असले, तरी वही कुणापुढे उघडली आहे हे वेगळे आहे. राहुल आरशापुढे आहे. त्याला स्वतःच पाहायचे आहे आणि आरसा क्षमा करत नाही, रागावतही नाही. इग्नेशियसचा साधक कुणाशी तरी बोलतो आहे, आणि ते बोलणे आभारापासून सुरू होते. आभाराची पायरी हा नुसता शिष्टाचार नव्हे. प्रेमाने दिलेले आधी मोजले, तरच पुढचा दोष नियमभंग न राहता नात्यातली चूक होतो. ही पायरी वगळली की तिसऱ्या पायरीची दोषांची यादी होते आणि माणूस आठवड्याभरात कंटाळतो. वेळ वाटून घेणे बरे: आभाराला पूर्ण तीन मिनिटे, हिशेबाला सहापेक्षा जास्त नाही. नाहीतर हिशेब सगळा वेळ गिळतो.

एकाच दोषामागे लागायचे असेल तर इग्नेशियसची दुसरी, अगदी कारागिरी पद्धत आहे. सकाळी उठताच एकच दोष धरायचा. तो घडला की तिथल्या तिथे छातीला हात लावायचा; कुणाच्या लक्षातही येत नाही. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर तासातासाने आठवून जितक्यांदा घडला तितके ठिपके रेषेवर द्यायचे. दिवसाला दोन रेषा, दुपारची आणि रात्रीची. रात्री दोन्ही ताडून पाहायच्या, मग आज-काल, मग हा आठवडा-गेला आठवडा. त्याच्या आकृतीत आठवड्याच्या रेषा खाली खाली आखूड होत जातात, कारण ठिपके कमी व्हायचे आहेत. हे दोन दोष एकदम धरून करू नये. ठिपके मिसळतात आणि तुलनाच उरत नाही.

आता बिघडते कुठे, ते. नाजूक मनाच्या माणसाला हा हिशेब पोखरतो. खुद्द इग्नेशियसला मानरेसात जुन्या पापांच्या शंकांनी इतके छळले की पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही शांती मिळेना आणि जीव देण्याचे विचार येऊ लागले. म्हणूनच त्याने शंकेखोरपणावर वेगळ्या टिपा लिहिल्या. चालताना पायाखाली योगायोगाने क्रूसासारख्या पडलेल्या दोन काड्या आल्या आणि ‘मी पाप केले’ असे वाटले, तर ती पापाची जाणीव नव्हे, चुकीचा निवाडा आहे, असे तो स्पष्ट सांगतो. त्याचा उपाय उलट दिशेने जाण्याचा: मन फार हळवे असेल तर त्याला थोडे घट्ट करावे, निबर असेल तर हळवे.

बौद्ध बाजूला या दुखण्याला नाव आहे, कुक्कुच्च. केलेल्या-न केलेल्याची टोचणी, पाच नीवरणांपैकी, म्हणजे मनाच्या अडथळ्यांपैकी, एकाचा भाग. म्हणजे पश्चात्ताप पुण्य म्हणून साठवायचा नाही. तो ध्यानाच्या वाटेतला अडथळा आहे. संयुत्त निकायातल्या संखधम सुत्तात बुद्ध सांगतात की केलेले वाईटच होते, पण हळहळून ते न केलेले होणार नाही. असे जाणून साधक ते सोडतो, आणि मग शंख फुंकणाऱ्याचा आवाज जसा चारी दिशांना सहज पोचतो तशी मैत्री चारी दिशांना पसरतो. रात्रीच्या पाहणीनंतर पाच मिनिटे मैत्रीभावना, म्हणजे सर्वांचे भले चिंतणे, करायची ती यासाठी. तिच्याशिवाय आरसा कोरडा होतो.

दोन्हीकडचे आवडेल ते उचलून तिसरीच पद्धत जुळवणे मला पटत नाही. कर्माच्या नियमाकडे क्षमा मागता येत नाही, आणि ज्याच्याशी बोलत आहोत त्याला मध्येच आरसा समजून गप्प बसता येत नाही. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात इतर सर्व प्रार्थना आणि विधी तेवढ्या काळापुरते बाजूला ठेवायला सांगतात. त्यामागचे कारण व्यवहाराचे आहे: दोन पद्धती मिसळल्या तर कशाचा परिणाम काय, हे कळत नाही. आत्मपरीक्षणही आनापानाच्या, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाच्या, बैठकीत घुसवू नये. तिथे आलेला विचार सोडून श्वासाकडे परतायचे असते, इथे मुद्दाम बोलावून घ्यायचा असतो.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच कडक आहे: एकट्याने भागत नाही. वेदीवर अर्पण आणले आणि भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, असे मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो. देवाने क्षमा केली म्हणून शेजाऱ्याचे देणे फिटत नाही. कॅथलिकांना वर धर्मगुरूंपुढचे पापनिवेदन आहेच, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात. आणि महाराष्ट्रातल्या बौद्धांना तर ‘वैयक्तिक साधना’ हा शब्दच अपुरा वाटेल. धम्मात देवाची जागा नीतीने घेतली आहे असे बाबासाहेबांनी मांडले, आणि नीती दोन माणसांमध्ये असते.

वर्षावास संपताना भिक्षू पवारणा करतात. एकेक जण संघापुढे म्हणतो: माझे काही पाहिले असेल, ऐकले असेल, शंका आली असेल, तर करुणेने सांगा. स्वतःच्या वहीत कधीच न उमटलेले दोष असेच कळतात. घरातल्या माणसाला हा प्रश्न विचारायला भिक्षू असावे लागत नाही, फक्त उत्तर ऐकताना मध्ये बोलायचे नाही. आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आहेत. तोवर एकच पद्धत, एकच दोष, रोज दोन रेषा.