विकायच्या घराची दर्शनी बाजू

दर्यापूर तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर विकायचे असे आम्ही भावंडांनी ठरवले, तेव्हा पहिले गिऱ्हाईक ऐन मे महिन्यात आले. ते फाटकाच्या आत आलेच नाही. रस्त्यावर उभ्या उभ्या त्याने जोत्यावरची भेग पाहिली, ओसरीच्या भिंतीवर चढलेला पांढरा लोणा पाहिला, आणि समोरच्या कामालाच लाखभर रुपये लागतील, तेवढे किमतीतून वजा करा, असे सांगून टाकले. आतल्या खोल्या कोरड्या होत्या, सागवानाची दारे शाबूत होती, परसातली विहीर बांधीव होती. परंतु हे सांगण्याची संधीच मिळाली नाही. गावातले गिऱ्हाईक घराच्या रूपावर भाळत नाही, ते समोरच्या भागावरून मागच्या खर्चाचा अंदाज बांधते, हे मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर मी जे केले ते घाईचे होते. भेगेत सिमेंट भरले, लोणा पाण्याने धुऊन काढला आणि जोत्यापासून तीन फूट उंचीपर्यंत तांबड्या ऑईलपेंटचा पट्टा ओढला. जून उजाडेपर्यंत घर नवे दिसत होते. पहिले दोन पाऊस झाले आणि पट्ट्याला ठिकठिकाणी फोड आले. ऑगस्टमध्ये तर रंगाची सालपटे हाताने निघू लागली.

आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतील या पट्ट्यात जमीन खोल काळी आणि भूजल खारे आहे. विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या गिलाव्यात क्षार आधीच मुरलेले असतात, शिवाय जमिनीतली ओल भिंतीतून वर चढताना आणखी क्षार सोबत आणते. पृष्ठभागावर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. तोच आपला लोणा. तो धुतला तर विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो, म्हणून कोरड्या ब्रशने झाडून काढायचा असतो. आणि ऑईलपेंट म्हणजे भिंतीच्या तोंडावर बांधलेला फडका: आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि रंगच उचलून टाकते.

भेगेचे कारण मात्र भिंतीत नव्हतेच. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते; शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्याच कारणाने जोतेही हलते. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी हे एका वाक्यात सांगितले, "भाऊ, भित नाही फाटत, खालची माती फाटते ना." ओसरीच्या कोपऱ्यावर पत्र्याचे सारे पाणी पडत होते, तिथेच सर्वांत मोठी भेग होती. मी मात्र वर्षानुवर्षे त्या कोपऱ्यात फक्त रंग लावत आलो होतो.

दिवाळीनंतर, भिंती वाळल्यावर, आम्ही काम नव्याने काढले. पत्र्याला पन्हाळ लावून पाणी फाटकाबाहेरच्या नालीपर्यंत नेले, आणि जोत्याभोवती मुरूम ठोकून, त्यावर तीन फूट रुंदीची, घरापासून बाहेर उतार असलेली फरशी केली. खराब गिलावा खरवडून काढला आणि नव्या गिलाव्यासाठी विहिरीचे पाणी अजिबात वापरले नाही. नळाचे पाणी टाकीत साठवून घेतले. बाजूच्या जुन्या मातीच्या भिंतीला सिमेंट लावण्याचा मोह मिस्त्रींनीच मोडला. त्या भिंतीला मातीचाच लेप दिला आणि वर, रात्रभर भिजवून गाळलेल्या कळीच्या चुन्याचे दोन हात मारले. चुन्यातून भिंत श्वास घेते, आणि आमच्याकडच्या उन्हात पांढरी भिंत तापतेही कमी.

बाकीची कामे किरकोळ होती. मुख्य दरवाजा रंगवायचा नाही, यावर माझ्या वहिनींचा आग्रह होता आणि तो रास्त होता. दार घासून जवसाचे तेल पाजले, तेव्हा सागवानाच्या रेषा अशा उठून दिसल्या की वरचा तेलकट तपकिरी रंग इतकी वर्षे कुणी आणि कशासाठी सोसला, असे वाटले. फाटकालगत कण्हेर आणि बोगनवेल लावली, कारण दोन्ही खारी जमीन सोसतात आणि कण्हेरीला शेळ्या तोंड लावत नाहीत. (ती विषारी असते, म्हणून लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावावी.) तारेचे कुंपण मात्र मालमत्ता पत्रकातल्या मापाप्रमाणे सरकवून घेतले. गावठाणाची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना २०२० साली आल्यापासून, कागदावरची हद्द आणि जमिनीवरची हद्द जुळते का, हे गिऱ्हाईक आता पाहतेच.

समोरच्या भिंतीला चकचकीत टाईल्स लावा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. मला तो पटला नाही. ओलीच्या भिंतीवर टाईल लावली की ओल झाकली जाते, आणि आमच्याकडचा माणूस नवी टाईल दिसली की मागे काय झाकले असेल, हेच आधी विचारतो.

हंगामाचाही विचार करावा लागतो. ऑक्टोबरात सोयाबीन निघते, त्यानंतर कापसाचे आणि मग तुरीचे पैसे हातात येतात; घर पाहायला लोक तेव्हा फिरतात. आमचे काम नोव्हेंबरात संपले आणि जानेवारीत शेजारच्या गावचे एक कुटुंब आले. त्या गृहस्थांनी जोत्यावर तळहात ठेवून पाहिला, फरशीचा उतार कुठे जातो हे वाकून बघितले आणि गिलाव्याला पाणी कोणते वापरले, एवढेच विचारले. वजावटीचा विषय निघाला नाही. सौदा ठरताना त्यांच्या आईंनी मात्र एक अट घातली: ओसरीतली बंगई, म्हणजे झोपाळा, घरासोबतच राहिली पाहिजे.