अकरापर्यंत

गौरी-गणपतीच्या सुट्टीत माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, तपासणीत साधी ठरली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. शुद्धीवर आल्यावर मी मिस्टरांना ‘पाणी’ म्हणाले, तर तोंडातून नुसती हवा आली. पाणी यायच्या आधी नळातून फुसफुस होते ना, तशी.

दोन दिवस वाटलं, नळी घातली होती म्हणून घसा बसलाय. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या प्रत्येक घोटाला ठसका लागायला लागला, तेव्हा दुर्बीण घालून बघितलं. डावी व्होकल कॉर्ड, म्हणजे घशातली आवाजाची पट्टी, जागची हलत नव्हती. तिला हलवणारी नस थायरॉइडच्या मागून, अगदी खेटून जाते. ती तुटलेली नव्हती, ताणली गेली होती. डॉक्टर म्हणाले, सहा महिने ते वर्षभर वाट बघू, तोवर व्यायाम करा. असं होऊ शकतं हे संमतीपत्रात छापलेलं होतं. मी न वाचता सही ठोकली होती. पहिलीच्या पोरांना ‘आधी नीट वाच, मग लिही’ म्हणणारी बाई मी.

मी नगर जिल्ह्यात, राहुरीच्या बाजूला एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. बावीस वर्षं झाली, त्यातली बरीच पहिलीवर. माझी आजी बायबलबाई होती. खेडोपाडी पायी जाऊन बायकांना अक्षर ओळखायला शिकवायची. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं, तेव्हापासून आमच्याकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत चर्च आणि शाळा एकाच ओट्यावरची दोन दारं. दोन्हीकडे आवाज लागतो. रविवारी गाण्याला, सोमवारी पोरांना.

चर्चची मंडळी धावून आली, हे आधी सांगते, कारण पुढचं जरा कडू आहे. दीड महिना आमच्या घरी डबा येत होता. पाळकसाहेब दर आठवड्याला येऊन प्रार्थना करून जायचे, आणि मला बोलायला लागू नये म्हणून स्वतःच उगाच पावसापाण्याच्या गप्पा मारत बसायचे. पण एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘जखऱ्याचं आठव. त्याने विश्वास ठेवला नाही म्हणून मुका झाला. तू आपलं मन तपास.’ माझ्या मांडीवर पाटी होती. बायबलात जखऱ्यानेही लिहायला पाटीच मागितली होती, त्यामुळे उपमा अगदी चपखल होती! मी पाटीवर लिहिलं, ‘चहा घेणार का?’ दुसरं काय लिहिणार?

रात्री मात्र झोप येईना. जखऱ्या सोडून मी मोशेकडे वळले. आपल्या लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडव, असं काम देव त्याला देतो, तेव्हा तो देवाला सांगतो की मी जड जिभेचा आहे, मला बोलता येत नाही. हे मी चर्चच्या शब्बाथशाळेत पन्नास वेळा शिकवलंय. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं, की देव त्याची जीभ काही दुरुस्त करत नाही. रागावतो, आणि बोलायला भाऊ देतो. अहरोन. मोशेची जीभ पुढे सुटली असं मला कुठे सापडलं नाही, आणि तरी कामाला तोच गेला.

दर शनिवारी दुपारी नगरला स्पीच थेरपिस्टकडे जायचं. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची. तिने आरसा समोर ठेवला, मोबाइलवर सेकंद लावले आणि म्हणाली, ‘मॅडम, श्वास घ्या आणि ‘आ’ म्हणत राहा.’ चार सेकंदांत श्वास संपला. धडधाकट माणूस पंधरा-वीस सेकंद सहज ओढतो. मग पेल्यात चार बोटं पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि स्ट्रॉमधून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे. दिवसातून पाच वेळा. मान डावीकडे वळवून बोलायचं. कुजबुजायचं अजिबात नाही. हे मला नवीन होतं. मला वाटायचं कुजबुजल्याने आवाजाला आराम मिळतो.

एकदा ती म्हणाली, ‘परत.’ पुन्हा म्हणाली, ‘परत.’ रागावली नव्हती, पण मला घाम फुटला. वर्गासमोर उभं करून मी कितीतरी पोरांना म्हटलंय, ‘ल नाही, र. जीभ थरथरव. परत म्हण. परत.’ आणि मागून वर्ग हसलेला आहे. मी तो थांबवलाही असेल, पण हसून झाल्यावर.

रजेचं थोडक्यात. अर्धपगारी रजा वर्षाला वीस दिवस जमा होते. पूर्ण पगारावर हवी तर दोन दिवस खर्ची घालून एक मिळतो. माझे चौऱ्याऐंशी दिवस म्हणजे एकशे अडुसष्ट गेले. शिल्लक होती म्हणून निभावलं. हजर व्हायला फिटनेस सर्टिफिकेट लागतं. ते घ्यायला गेले त्या दिवशी खिडकीतून माझं नाव पुकारलं, मी ‘हो’ म्हणाले, ते माझं मलाच ऐकू आलं नाही, आणि माझा कागद ढिगाच्या खाली गेला. दुसऱ्यांदा पुकारल्यावर मी छत्री उंच धरली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेत गेले. लेकीने कमरेला बांधायचा स्पीकर आणि कानाला अडकवायचा माइक ऑनलाइन मागवला होता. त्याचं नाव मी मनातल्या मनात अहरोन ठेवलं. पहिल्याच दिवशी परिपाठाला तो असा शिट्टी मारून किंचाळला की पाचवीच्या रांगेतून आरोळी आली, ‘भंगारवालेऽऽय!’ अख्खं पटांगण हसलं, मीही हसले, आणि हसण्याचाही आवाज निघाला नाही.

बाईंचा आवाज लहान झाला की पोरं गुणी होतात, असलं काही मनात आणू नका. पहिले आठ दिवस वर्गाचा बाजार झाला होता. मी डस्टर टेबलावर आपटून आपटून हात दुखवून घेतला. निवळलं ते त्या पेल्यामुळे. मधल्या सुट्टीत मी कोपऱ्यात बुडबुडे काढत होते, ते दोघींनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी वीस पोरं पेले घेऊन हजर. मग रोज पहिल्या तासाआधी तेच. बुडबुडे झाले की मी ‘आ’ लावायचा आणि वर्गाने भिंतीवरच्या घड्याळाचा लाल काटा बघून मोजायचं. डिसेंबरमध्ये सहावर गाडी थांबायची.

मोजणाऱ्यांत पहिल्या बाकावरचा एक मुलगा. ‘क’ला ‘त’ म्हणायचा, ‘ग’ला ‘द’, ‘र’ला ‘ल’. काकाचा ताता, गायीची दाय, अकरा म्हणजे अतला. ‘र’ला बहुतेक मुलं वेळ लावतात, त्याची घाई नसते. ‘क’ मात्र चार वर्षांच्या आसपास यायला हवा, आणि हा सहा पूर्ण. त्याच्या आईने जिभेला वेखंड लावून पाहिलं होतं, पोपटाचा उष्टा पेरूही खाऊ घातला होता. शाळेत तपासणीला येणाऱ्या, सरकारी बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी कान तपासून घ्यायला जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली होती. ती आईच्या पर्समध्ये घडी घातलेली. एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून राहिलेली. मी त्यांना माझ्या शनिवारच्या रिक्षात सोबत घेतलं. कान ठणठणीत निघाले.

थेरपिस्टने त्याला गुळण्या करायला लावल्या. गुळणी करताना घशाशी जिथे खुळखुळतं, ‘क’ची जागा साधारण तिथे. मग जिभेचा शेंडा खालच्या दातांमागे काडीने हलका दाबून धरायचा आणि ‘अक्’ म्हणायचं. शेंडा वर उचलताच येत नाही, त्यामुळे ‘त’ होतच नाही. रिक्षाभर तो ‘अक्, अक्’ करत होता आणि मी ‘ऊ’. रिक्षावाला आरशातून बघत होता.

वर्गात त्याला मी ‘परत म्हण’ म्हणायचं सोडलं. तो म्हणायचा, ‘बाई, माझी ताडी हलवली.’ मी म्हणायचे, ‘काडी हरवली? कुठे होती काडी?’ एवढंच. काड्यांचा सराव नळाजवळ, आम्ही दोघंच. पहिला सुटा शब्द आला तो ‘एक’. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘एत’. तिसऱ्या दिवशी ‘एक’.

नाताळाआधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला सांगितलं. साक्षीचा एक साचा ठरलेला असतो: आजार, अंधार, प्रार्थना, चमत्कार. माझ्याकडे शेवटचा भाग नव्हता. मी अहरोन कमरेला बांधून उभी राहिले आणि होतं तेवढं सांगितलं. आवाज अर्धा आलाय. गीतांना मी नुसते ओठ हलवते. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते, ती जन्मभर आहे. डबे आठवतात. शनिवारच्या पोरीसाठी आणि ताणलेल्या पण न तुटलेल्या नसेसाठी मी देवाचे आभार मानते. खाली उतरल्यावर त्याच जखऱ्यावाल्या बाई कानाशी येऊन म्हणाल्या, ‘पूर्ण बरी झाल्यावर सांगायचं होतंस गं.’

फेब्रुवारीत दुर्बीण परत झाली. डावी बाजू किंचित हलते, असं डॉक्टर म्हणाले. मला पडद्यावर नुसतं गुलाबी काहीतरी दिसलं. वर चढणारं गाणं अजून जमत नाही. दुपारनंतर आवाज बसतो, तेव्हा अहरोन लागतोच.

परवा सकाळी बुडबुडे झाले, मी मान वळवून ‘आ’ लावला. पोरं काट्याकडे बघत ओरडायला लागली. आठला आवाज कापायला लागला. नऊ. दहाला माझे डोळे मिटले. श्वास संपता संपता वर्ग ओरडला, ‘अकराऽऽ!’ आणि पहिल्या बाकावरून, सगळ्यांच्या एक ठोका मागे, ‘अकला!’