तहहयात

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वकिली करतो. कोर्टात उभं राहण्यापेक्षा कागद वाचण्याचंच काम जास्त. खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, मृत्युपत्रं, सर्च रिपोर्ट. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर तीस-तीस नावं असतात, त्यातली निम्मी माणसं स्वर्गवासी आणि उरलेली निम्मी मुंबईत. त्यामुळे एकाच बाईचं नाव असलेला, इतर हक्काचा रकाना कोरा असलेला सातबारा समोर आला, तर कोणाही वकिलाचा जीव हलका होतो. माझाही झाला होता.

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. नावं आणि गाव सांगत नाही. जमीन ६२ गुंठे, हापूसची चाळीसेक कलमं, मध्ये जुनं कौलारू घर. मालकीण ऐंशीच्या काकी. घेणारे पुण्याचे, शेतकरी असल्याचा दाखला हातात घेऊनच आलेले. भाव ठरला गुंठ्याला ६० हजार. दोन लाखांची विसारपावतीही एजंटने माझ्याकडे येण्याआधीच करून टाकली होती. आधी विसार, मग वकील, हा आमच्याकडचा शिरस्ताच आहे. त्यावर चिडायचं मी सोडून दिलंय.

मी घेणाऱ्यांचा वकील. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या दस्तांचा शोध, घेतला होता. १९९५ पासून पुढे एकही दस्त नाही, बोजा नाही. म्हणजे काम संपल्यातच जमा. पण काकींच्या नावापुढे कंसात जो फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याच्या नोंदीचा, नंबर होता, तो तीस वर्षांपेक्षा जुना होता. केवळ सवयीने मी त्या फेरफाराची नक्कल काढायला माणूस पाठवला आणि काकींना निरोप दिला, घरात असतील ते सगळे कागद घेऊन या.

काकी आल्या त्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. त्यात रेशनकार्ड, शेतसाऱ्याच्या पावत्या, नवऱ्याचा गिरणीतला ओळखपत्राचा फोटो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक स्टॅम्पपेपर. घडीवर कागद पिवळा पडून चिरला होता. नोंदणी केलेलं मृत्युपत्र, साल १९८४.

"हे काय आहे काकी?"

"ह्यांनी केलेलं. ह्यानेच तर माझं नाव लागलं."

"वाचलंत कधी?"

"मला सही येते. वाचायला कुठे येतं?"

मी मोठ्याने वाचायला लागलो. पुढे काय आहे ते माहीत असतं तर आधी मनात वाचलं असतं. ‘माझे पश्चात सदर मिळकतीचा उपभोग माझी पत्नी हिने तहहयात घ्यावा. तिला सदर मिळकत गहाण, दान, विक्री करता येणार नाही. तिचे पश्चात सदर मिळकत माझा पुतण्या याचे मालकीची होईल.’ तेवढ्यात माझा माणूस फेरफाराची नक्कल घेऊन आला. १९८८ ची नोंद, वळणदार अक्षरात. शेवटी स्वच्छ लिहिलेलं : ‘मृत्युपत्रान्वये, हयातीपर्यंत’. पुढे कधीतरी सातबारा नव्याने लिहिला गेला तेव्हा ही शेपटी गळाली आणि नुसतं नाव उरलं.

सातबारा हा मालकीचा पुरावा नव्हे, हे आम्ही रोज घोकतो. तो महसुलासाठीचा अभिलेख. पण सदतीस वर्षं त्या नावावर सारा भरणाऱ्या बाईला ते सांगायचं कसं?

काकी काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तो खरं बोलत होता."

हळूहळू कळलं ते असं. २००९ साली पुतण्या गावी आला होता. काकी, माझं नाव सातबाऱ्याला लाव, काकांनी लिहून ठेवलंय, असं म्हणाला. काकींना वाटलं, हा आपल्या मरणावर टपलाय. चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी त्याला अंगणातून हाकलला. तो परत आला नाही. २०२१ मध्ये करोनात डोंबिवलीला वारला. काकी बाराव्यालाही गेल्या नव्हत्या.

एजंटचा चेहरा मात्र उजळला. "पुतण्या मेला ना? मग प्रश्नच मिटला!"

तसं नसतं. जमिनीची वाटणी आपण लांबी-रुंदीत बघायला शिकलेलो असतो : बांध इकडे, ओढा तिकडे. इथे त्या नवऱ्याने वाटणी केली होती ती काळाची. पहिला तुकडा काकींच्या शेवटच्या श्वासापर्यंतचा, आणि त्यापुढचा सगळा काळ पुतण्याचा. पुतण्याचा तुकडा सुरू व्हायचा होता काकींच्या मृत्यूनंतर, पण तो त्याचा झाला होता काका वारले त्याच दिवशी, १९८७ साली. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ११९ मध्ये नेमकं हेच उदाहरण आहे : एकाला तहहयात, त्याच्या पश्चात दुसऱ्याला, तर दुसऱ्याचा हक्क मृत्युपत्र करणारा मरताक्षणी निहित होतो. ताबा पुढे मिळेल, हक्क आजच. मधल्या काळात तो दुसरा वारला, तर हक्क त्याच्या वारसांकडे जातो.

म्हणून मी ते वाक्य तीन वेळा वाचलं. मी शोधत होतो ‘हयात असल्यास’ हे दोन शब्द. ‘तिचे पश्चात पुतण्या हयात असल्यास त्याचे मालकीची’ असं लिहिलेलं असतं, तर हक्क सशर्त ठरला असता आणि पुतण्याबरोबरच संपला असता. लिहिणाऱ्याने ते शब्द घातले नव्हते. पुतण्याची आई त्याच्या आधीच गेलेली, त्यामुळे वर्ग १ चे, म्हणजे कायद्याने सर्वांत आधी हक्क असलेले, वारस दोघंच : बायको आणि चोवीस वर्षांचा मुलगा.

(हे आणि ‘वारस म्हणून मिळण्याची आशा’ यांत लोक कायम गल्लत करतात. बाप धडधाकट असताना त्याच्या स्वकष्टार्जित घरातला ‘माझा हिस्सा’ विकायला येणारे चिरंजीव मी महिन्याला एक तरी बघतो. त्यांच्याकडे विकायला काहीच नसतं, नुसती आशा, आणि आशा हस्तांतरित होत नाही. डोंबिवलीच्या त्या मायलेकांकडे मात्र काकी जिवंत असतानाही विकता येईल असा खराखुरा हक्क होता.)

पुण्याचे गृहस्थ हुशार. म्हणाले, "मग आम्ही काकींचाच हक्क घेतो, बाकीचं पुढे बघू." मी म्हटलं, घ्या. पण मग तुमचा मुक्काम काकींच्या आयुष्यावर. त्यांनी डोळे मिटले की तुमचं फाटक बंद, वर बांधलेला बंगला तसाच. आणि मृत्युपत्रात विक्रीला मनाई असल्यामुळे तेवढं तरी घेता येतं की नाही, यावरही भांडण होईल. ते गप्प झाले. काकींनी मध्येच विचारलं, "दोन वर्षांपूर्वी रायवळाची तीन झाडं तोडून खोक्यांना लाकूड दिलं. तेही माझं नव्हतं का?" मी म्हटलं, काकी, फळं बिनघोर तुमची. उभं झाड तोडायचं म्हणजे... त्याबद्दल आता कोणी विचारत नाहीये.

आता काकींची बाजू. ती कमजोर मुळीच नव्हती. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १४. पोटकलम १ म्हणतं, हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मिळकत पूर्ण मालकीची. पोटकलम २ म्हणतं, पण मृत्युपत्राने वा दानपत्राने मर्यादित हक्कच दिला असेल, तर मर्यादितच. १९७७ मध्ये तुलसम्मांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विधवेला पोटगीच्या आधीपासूनच्या हक्कापोटी जमीन मिळाली असेल, तर कागदावर ‘तहहयात’ असलं तरी ती पूर्ण मालकीण. पुढे काही निकाल त्या वाटेने गेले, तर काही निकालांनी, २००६ चा आणि २०२२ चा धरून, नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीच्या मृत्युपत्राला पोटकलम २ लावलं. काकींच्या नवऱ्याने ही जमीन गिरणीच्या पगारातून घेतलेली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीच सांगितलं की निकालांत एकवाक्यता नाही, आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. म्हणजे माझ्या टेबलावर हा कागद आला त्याच्या तीन महिने आधी.

हे मी काकींना सांगितलं. घेणाऱ्याचा वकील असूनही सांगितलं, आणि तुमचा वेगळा वकील करा असंही सांगितलं. लढलात तर जिंकालही. किती वर्षं, असं त्यांनी विचारलं. मी खालच्या कोर्टाची, अपिलाची, हायकोर्टाची वर्षं बोटांवर मोजायला लागलो, आणि दुसऱ्या हाताकडे वळलो तेव्हा त्या हसल्या.

त्या दुपारचा एक भाग मला आजही बोचतो. एजंटने मला बाहेर बोलावलं. "साहेब, त्या डोंबिवलीच्या बाईला यातलं काही माहीत नाही. पन्नास हजार देऊ, हक्कसोडपत्रावर सही घेऊ." मी लगेच नाही म्हटलं असं सांगायला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी चहा पीत पंधरा मिनिटं विचार केला. बेकायदा काही नव्हतं. ती माझी पक्षकार नव्हती. कागदही मीच तयार करणार होतो, चोख. मग आत येऊन फोन लावला. त्या बाईंचं पहिलं वाक्य : "हे गेले, आता आमचा त्या जागेशी काय संबंध?" मी म्हटलं, संबंध आहे. येताना तुमचा वकील घेऊन या.

आठ दिवसांनी काकी आणि पुतण्याची बायको, म्हणजे त्यांची सून, माझ्या ऑफिसात समोरासमोर. सोळा वर्षांनी. सून वाकून नमस्कार करून खुर्चीत बसली. दोघी बराच वेळ पंख्याकडे बघत होत्या. मुलाने विषयाला हात घातला ते बरं झालं.

कायदा इथे सोपा आहे. काकी आणि ते मायलेक तिघांनी मिळून सही केली, की काळाचे दोन्ही तुकडे एकत्र येतात आणि घेणाऱ्याला अख्खी मालकी मिळते. अवघड होतं ते पैशांचं. मला माझी योजना फार पसंत होती : सगळी रक्कम बँकेत मुदत ठेवीत, व्याज काकींना तहहयात, त्यांच्या पश्चात मुद्दल मायलेकांचं. मृत्युपत्राचीच हुबेहूब नक्कल, फक्त जमिनीऐवजी पैसे. मी खुशीत मांडली.

काकी म्हणाल्या, "म्हणजे परत मी राखणदारच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग एकरकमी द्यायचे किती? ऐंशी वर्षांच्या बाईचा उरलेला काळ किती, याचा हिशेब तिच्याच देखत करायचा. सुनेचा वकील तरुण, त्याने सरासरी आयुर्मानाबद्दल काहीतरी सुरू केलं. काकींनी त्याला अडवलं. "माझी आई त्र्याण्णवाव्या वर्षी गेली. तीही विहिरीवर पाय घसरून." वकिलाने कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला.

ठरलं ते असं. घर आणि भोवतीचे सहा गुंठे विकायचे नाहीत, ते मृत्युपत्राप्रमाणेच राहतील. ५६ गुंठ्यांचे ३३ लाख ६० हजार. त्यातले १२ लाख काकींचे, कसल्याही अटीशिवाय. उरलेले मायलेकांचे. या हंगामाचं पीक काकींचं. घेणाऱ्यांनी कुरकुर केली, पण पुढे वीस वर्षं वाद नको असेल तर दोन महिने थांबा, एवढं पुरलं.

नोंदणीच्या दिवशी ‘लिहून देणार’ तिघं : काकी, सून, नातू. दुय्यम निबंधकांच्या टेबलावरच्या यंत्रावर काकींचा अंगठा चार वेळा उमटेना. कलमांच्या डिंकाने आणि उन्हाने रेषाच झिजल्या होत्या. पाचव्या वेळी सुनेने आपल्या पदराने तो अंगठा पुसून, धरून, दाबला. निघताना काकींनी मला दस्तातला घराचा परिच्छेद वाचायला लावला. ‘तहहयात’ आला तशी मान हलवली. "हां. आता कळतंय काय लिहिलंय ते."

मे महिन्यात नातू ऑफिसात येऊन पेटी ठेवून गेला. पाच डझन हापूस, पेंढ्यात, जुन्या पद्धतीच्या लाकडी खोक्यात. सोबत काकींचा निरोप : आंबे ठेवा, खोका परत पाठवा.