तेरा वर्षांचा मधला काळ

अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठाच्या महिला सॉफ्टबॉल संघाने मुख्य प्रशिक्षक पॅटी गॅसो यांच्या हाताखाली आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत. त्यांपैकी शेवटची चार २०२१ ते २०२४ अशी लागोपाठची आहेत, आणि महिला महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये सलग चार वर्षे जिंकणे त्यापूर्वी कोणत्याही संघाला जमलेले नव्हते. २०२३ च्या हंगामात या संघाने ६१ सामने जिंकले आणि केवळ एक गमावला. यूट्यूबवर हे सामने पाहणाऱ्या आमच्या महाविद्यालयातील मुलींना ही सगळी यादी तोंडपाठ असते, आणि याच संघातल्या जोसलिन अॅलोच्या १२२ होम रनचा (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलावण्याचा) विक्रम त्या मला वारंवार ऐकवतात. मला मात्र त्या यादीतील एका मोकळ्या जागेविषयी लिहायचे आहे. गॅसो यांचे पहिले विजेतेपद २००० सालचे, आणि दुसरे २०१३ सालचे. मधली वर्षे त्यांनी काय केले आणि त्या काळात त्यांची खुर्ची कशी टिकली, हा प्रश्न मला त्या आठ करंडकांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांचे घोडे नेमके तिथेच अडलेले आहे.

आधी पूर्वपीठिका थोडक्यात सांगते. गॅसो मूळच्या कॅलिफोर्नियाच्या. लाँग बीच सिटी कॉलेज या दोन वर्षांच्या महाविद्यालयात प्रशिक्षकपद सांभाळून त्या १९९५ च्या हंगामापासून ओक्लाहोमात आल्या. हे राज्य अमेरिकन फुटबॉलचे वेड असलेले. सॉफ्टबॉल संघाला स्वतःचे मैदान नव्हते, त्यामुळे नॉर्मन शहरातील रीव्ह्ज पार्क या सार्वजनिक उद्यानातील मैदानावर संघ खेळत असे. संघ अगदीच दुबळा होता असे नव्हे, पण त्याला विद्यापीठात आणि देशात पत नव्हती. स्वतःचे मैदान मिळाले १९९८ साली, आणि त्यानंतर दोनच वर्षांत अंतिम सामन्यात यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला, ३-१ असे हरवून या संघाने पहिले विजेतेपद घेतले. त्या विजयाचे मोल कळायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १९८८ ते १९९९ या बारा वर्षांत राष्ट्रीय विजेतेपद कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना या दोन राज्यांबाहेर गेलेच नव्हते. तिथे बाराही महिने उघड्यावर सराव करता येतो, आणि मुली लहानपणापासून खेळत असल्याने चांगल्या पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडू, तिथेच तयार होतात.

इथवरची कथा कोणीही आवडीने सांगेल. परका प्रांत, उद्यानातले मैदान, सहाव्या हंगामात अजिंक्यपद. समारंभातल्या भाषणाला यापेक्षा अधिक काय हवे? पण पुढे काय झाले ते पाहावे. २००१ ते २००४ या चारही वर्षी संघ आठ संघांच्या अंतिम फेरीपर्यंत, म्हणजे विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला आणि रिकाम्या हाताने परतला. त्यानंतर २००५ ते २०१० अशी सहा वर्षे तो तिथवरही पोहोचला नाही. ही स्पर्धा भरते ओक्लाहोमा सिटीत, म्हणजे नॉर्मनपासून पाऊण तासाच्या आत. दरवर्षी देशभरातले संघ आपल्या दारात येऊन खेळून जात आहेत आणि आपण प्रेक्षकांत, अशी ती सहा वर्षे होती. संघ या काळातही दरवर्षी ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरत होता, त्यामुळे ही पडझड होती असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याने एकदा शिखर गाठले आहे त्याच्याकडून लोक पात्रतेची अपेक्षा ठेवत नाहीत, हे कुठल्याही गावच्या कबड्डी मंडळाला विचारावे.

या काळाविषयी मला जे महत्त्वाचे वाटते ते असे. २०१३ साली संघाला दुसरे विजेतेपद मिळवून देणारी डावखुरी पिचर कीलानी रिकेट्स ही २०१० च्या हंगामात ओक्लाहोमाकडून खेळू लागली. म्हणजे तिची निवड झाली ती संघ अंतिम फेरीत दिसतही नव्हता त्या वर्षांत, आणि तीही कॅलिफोर्नियातून, जिथे तिच्यासारख्या मुलीला घरच्या अंगणात नामांकित विद्यापीठे उपलब्ध होती. लॉरेन चेंबरलेन २०१२ मध्ये आली. तिच्या ९५ होम रनचा विक्रम पुढे अॅलोने मोडला. पिचरांना घडवणाऱ्या सहायक प्रशिक्षक मेलिसा लोंबार्डी या गॅसो यांच्यासोबत दोन दशके राहिल्या आणि नंतर ओरेगन विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. २०११ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत आला, २०१२ मध्ये अखेरच्या लढतीत अलाबामाकडून हरला आणि २०१३ मध्ये टेनेसीला हरवून जिंकला. जास्तीत जास्त तीन सामन्यांच्या त्या लढतीचा पहिला सामना सात इनिंगऐवजी (डावांऐवजी) बारा इनिंग चालला होता. हा क्रम पाहिला की विजेतेपदाची तयारी कोणत्या वर्षांत झाली हे वेगळे सांगावे लागत नाही. हापूसचे कलम लावल्यावर पहिली दोन-तीन वर्षे मोहोर आला तरी खुडून टाकणारा बागायतदार झाडावर अन्याय करीत असतो असे आपण म्हणत नाही. विद्यापीठाने गॅसो यांना दिलेला वेळ मला त्याच जातीचा वाटतो.

मिशिगन विद्यापीठाच्या कॅरोल हचिन्स यांचे उदाहरण तर आमच्या हवामानाच्या आणखी जवळचे आहे. १९८५ पासून २०२२ पर्यंत त्या एकाच संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या, संपूर्ण कारकिर्दीत १,७०७ सामने जिंकून निवृत्त झाल्या, आणि त्यांना एकमेव राष्ट्रीय विजेतेपद मिळाले ते २००५ साली, म्हणजे रुजू झाल्यानंतर वीस वर्षांनी. यूसीएलएविरुद्धच्या तिसऱ्या आणि निर्णायक सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये सामंथा फिंडलेने तीन धावांचा होम रन मारला आणि मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडे हे विजेतेपद प्रथमच गेले. मिशिगनमध्ये हंगाम सुरू होतो तेव्हा मैदानावर बर्फ असतो. त्यामुळे फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा काळ संघ उबदार राज्यांत फिरत परक्या मैदानांवर खेळतो आणि त्याआधीचा सराव छपराखाली करतो. ज्यांचे मैदान वर्षातले काही महिने निसर्ग काढून घेतो त्यांनी काय करावे, याचे उत्तर या बाईंनी सदतीस वर्षे शोधले. विद्यार्थिदशेत महिला खेळाडूंना मिळणाऱ्या असमान वागणुकीविरुद्ध त्या तेव्हाच्या स्वतःच्याच विद्यापीठाविरुद्ध, म्हणजे मिशिगन स्टेटविरुद्ध, न्यायालयात गेल्या होत्या, ही गोष्टही आमच्या मुलींना मी मुद्दाम सांगते.

आता आमच्याकडे येते. मी कोकणातल्या एका महाविद्यालयाच्या जिमखान्यात काम करते. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शैक्षणिक वर्ष सुरू होते तेही जूनमध्येच. नवीन मुली दाखल होतात, त्यांच्यात कोण धावते, कोणाचा हात मोकळा आहे हे पाहायची वेळ येते, तेव्हा मैदानावर घोटाभर पाणी आणि कातळावर शेवाळ असते. पुढे गणपतीत मुली घरी जातात, मग परीक्षा, आणि दिवाळीच्या आसपास विद्यापीठाच्या स्पर्धांचे वेळापत्रक हाती पडते. मुंबईच्या महाविद्यालयांशी खेळायचे तर रात्रीची गाडी पकडून जायचे, सकाळी मैदानावर उतरायचे आणि बहुधा त्याच दिवशी हरून परतायचे.

मैदान म्हणजे जांभ्याचा सडा सपाट करून त्यावर पसरलेली माती. पिवळा चेंडू दोन दिवसांत तांबडा होतो, आणि त्याच्या टाक्यांमध्ये बसलेली ती बारीक धूळ बोटांना लागल्यामुळे पिचरची पकड निसटते, म्हणून एक मुलगी कायम ओले फडके घेऊन बाजूला उभी असते. ग्लोव्हची कथा वेगळीच. जुलैमध्ये जिमखान्याचे कपाट उघडले की चामड्यावर पांढुरकी बुरशी आलेली असते. ती कोरड्या कापडाने पुसायची, थोडे खोबरेल लावायचे आणि वाऱ्याला टांगून ठेवायचे. तेल जास्त झाले तर चामडे लिबलिबीत होते आणि चेंडू ग्लोव्हच्या खिशात बसण्याऐवजी बाहेर उडतो. हे ज्ञान कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात मिळत नाही. ते पावसाळ्यामागून पावसाळे एकाच कपाटाशी घालवलेल्या माणसाकडे असते, आणि तो माणूस गेला की त्याच्याबरोबर जाते.

कोकणात सॉफ्टबॉलला अनुकूल अशी एक गोष्ट आहे जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आमच्या वाड्यांवर अंडरआर्म क्रिकेट जोरात चालते. भावांबरोबर खळ्यात खेळलेल्या मुलीचा हात खालून चेंडू टाकायला सरावलेला असतो. सॉफ्टबॉलचा पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे साधारण तेरा मीटरवरून चेंडू टाकतो, आणि हात खांद्याभोवती पूर्ण वर्तुळात फिरवून मांडीच्या बाजूला आल्यावर तो सोडतो. चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने आला तर स्लगर (सॉफ्टबॉलची बॅट) हातात घेतलेल्या मुलीला विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. अंडरआर्म खेळलेल्या मुलीला दिशा असते, पण वेग नसतो, कारण तिचा हात वर्तुळ पूर्ण न करता मागून पुढे झुलतो. वर्तुळ बसवायला आणि त्याच वेळी पुढचा पाय सरळ टाकायला शिकवण्यात, माझ्या अनुभवाने, पहिले वर्ष जाते. दुसऱ्या वर्षी ती विद्यापीठ पातळीवर टिकते. तिसऱ्या वर्षी ती खरी पिचर होते, आणि त्याच वर्षी पदवी घेऊन मुंबई-पुण्याला नोकरीसाठी निघून जाते किंवा घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. अमेरिकेत चार वर्षे मिळतात. आम्हाला कशीबशी तीन. मग त्या मुलीच्या जागी उभी राहणारी दुसरी मुलगी दोन वर्षे आधीपासून तयार होत असली पाहिजे, आणि तिला तयार करणारा माणूसही तोच असला पाहिजे.

अडचण इथे आहे. आमच्या भागात शारीरिक शिक्षणाची कित्येक पदे भरलेलीच नाहीत, आणि जिथे खेळाचा मार्गदर्शक नेमतात तिथे तो बहुधा तासिका तत्त्वावर किंवा वर्षाच्या कराराने. माझ्या परिचयातील एका तरुण प्रशिक्षकाने अशाच एका महाविद्यालयात शून्यातून मुलींचा संघ उभा केला. पहिल्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत हरला, दुसऱ्या वर्षीही हरला, आणि तिसऱ्या वर्षी त्याचा करार वाढवण्यात आला नाही. कारण विचारले तर ‘निकाल नाही’ असे सांगण्यात आले. त्याने निवडलेल्या मुली तेव्हा दुसऱ्या वर्षाला होत्या. पुढच्या हंगामात संघच उतरला नाही. हाच न्याय लावला असता तर हचिन्स यांचा निकाल १९८७ सालीच लागला असता.

निकाल मागूच नये, असे माझे म्हणणे नाही. गॅसो यांच्या कोरड्या सहा वर्षांतही संघ दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरत होता आणि हचिन्स यांचा एकही हंगाम जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने अधिक असा गेला नाही, हेही तितकेच खरे. मोजायचेच असेल तर करंडकाच्या आधीची मापे उपलब्ध आहेत: जूनमध्ये आलेल्या मुलींपैकी फेब्रुवारीत किती टिकल्या, पिचरने चुकीचे चेंडू टाकून फलंदाजाला दिलेल्या फुकट बेसची संख्या मागच्या वर्षापेक्षा कमी झाली का, राखीव पिचर आहे का, शाळेत खेळलेल्या मुली अकरावीला आमच्याकडे येऊ लागल्या का. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांपुरता खेळ धरून नंतर सोडून देणाऱ्या मुली किती आणि पदवीपर्यंत खेळणाऱ्या किती, एवढा एक आकडा जरी प्राचार्यांच्या टेबलावर दरवर्षी ठेवला तरी प्रशिक्षकाचे काम दिसू लागते. पगार, मैदान, शिष्यवृत्त्या या बाबतीत अमेरिकेची बरोबरी करण्याचा विचारही हास्यास्पद आहे. ओक्लाहोमाने २०२४ मध्ये उघडलेल्या नव्या मैदानात चार हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि आमच्याकडे स्कोअर लिहिणाऱ्या मुलीला बसायला चिरा शोधावा लागतो. नेमणुकीची मुदत वाढवायला मात्र चार हजार खुर्च्या लागत नाहीत.

यंदा आमच्या महाविद्यालय विकास समितीपुढे मी दोन मागण्या ठेवणार आहे. पहिली, सॉफ्टबॉलच्या मार्गदर्शकाची नेमणूक सलग पाच वर्षांची असावी आणि पहिल्या तीन वर्षांत त्याच्याकडे पदकाविषयी विचारणा होऊ नये. दुसरी, सभागृहामागच्या पडवीवर पत्रे टाकून ४३ फुटांची एक पट्टी आखून द्यावी, म्हणजे पिचर आणि कॅचर यांचा सराव जूनपासूनच सुरू होईल. पत्र्यांचा अंदाजखर्च गावातल्याच सुताराकडून आणून जोडला आहे. पाच वर्षांच्या मागणीला जोडण्यासाठी ओक्लाहोमाच्या २००० ते २०१३ या वर्षांचा तक्ता एका पानावर तयार केला आहे, आणि त्यातली सहा रिकामी घरे मी भरलेली नाहीत. बैठक गणपतीनंतर आहे.