खोली आवडते म्हणजे नेमकं काय आवडतं?

आज मैत्रिणीचं नवं घर पाहून आले. दिवाणखाना अगदी मासिकातल्या फोटोसारखा. पण दहाव्या मिनिटाला मला उगाच थकल्यासारखं वाटायला लागलं. (ती कौतुकाने एकेक वस्तू दाखवत होती, त्यामुळे बोलायचीही चोरी!)

मग लक्षात आलं, आमचं प्रत्येक वाक्य घुमतंय. गुळगुळीत फरशी, काच, मोकळ्या भिंती. आवाज शोषून घेणारं काहीच नाही. वरून ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढराफटक उजेड. संध्याकाळी डोळ्यांना २७००च्या आसपासचा पिवळसर उजेड बरा वाटतो, तोही डोक्यावरून नाही, बाजूच्या दिव्यातून.

नंतर तिने मागची खोली उघडली. "इकडे बघू नकोस गं, अजून लावायची आहे." पुस्तकांचे ढीग, जाड पडदा, जुना गालिचा. आवाज एकदम मऊ झाला. दोन भिंतींना खिडक्या, त्यामुळे वारा आरपार आणि तिचा चेहरा पूर्ण दिसत होता, अर्धा सावलीत नाही. भिंतीला पाठ टेकली, समोर झाड.

रुग्णालयांच्या रचनेचे अभ्यासक रॉजर उलरिक यांचा १९८४चा अभ्यास आठवला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली.

आम्ही दोन तास तिथेच, गालिच्यावर. बाहेरचा नवाकोरा सोफा रिकामाच राहिला.