आमच्या बँकेचं इंट्रानेट नव्याने मांडताना – माझा अनुभव

मी एका सहकारी बँकेत प्रशासन विभागात आहे. शाखा सातारा, सांगली, कोल्हापूर भागात, बऱ्याचशा तालुक्याच्या गावी. २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठीचं इंट्रानेट, म्हणजे फक्त बँकेतल्या माणसांना उघडणारी आतली वेबसाइट, सुधारायचं ठरलं आणि आयटीवाल्यांच्या जोडीला ते काम माझ्याकडे आलं. असंच काम दुसऱ्या कुणाकडे आलं तर उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधीची अवस्था सांगते. होमपेजचा वरचा अर्धा भाग सरकत्या फोटोंचा, वार्षिक सभा, शाखेचं उद्घाटन वगैरे, आणि शाखांमधले मॉनिटर जुने, १३६६ बाय ७६८ वाले, त्यामुळे फोटो संपेपर्यंत स्क्रीनच संपायची. खाली मेनू होता प्रशासन, कर्ज, वसुली, लेखा, तपासणी, आयटी असा, म्हणजे हेड ऑफिसात जसे विभाग बसतात तसाच्या तसा. आता काउंटरला एखाद्या मयत खातेदाराची बायको कागद घेऊन उभी आहे, क्लार्क नवीन आहे, त्याला क्लेमचा फॉर्म हवाय, तो लेखाखाली असेल की प्रशासनाखाली हे त्याने कशावरून ओळखायचं? परिपत्रकांना नाव नाही, नुसता जावक क्रमांक आणि वर्ष. उघडलं की स्कॅन केलेली पीडीएफ, आत शब्द शोधता येत नाही आणि आडगावच्या शाखेच्या लाइनवर ती उघडायलाच वेळ जायचा.

मग लोक साहजिकच व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायचे. कुणीतरी लगेच परिपत्रकाचा फोटो टाकायचं, काम व्हायचं. पण तो फोटो जुन्या परिपत्रकाचा असला तर? १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, एकाच वेळी टक्केवारी ठरवून किंवा एकामागोमाग एक, आणि लॉकरला फक्त एकामागोमाग. हे लागू झाल्यावरही ग्रुपवर एकच नॉमिनीवालं जुनं परिपत्रक फिरत होतं. मला तिथे खरी काळजी वाटली, कारण यात नुकसान ग्राहकाचं होतं, तेही घरात माणूस गेल्यावर.

पहिल्या मीटिंगमध्ये बोलणं सगळं रंग, लोगो आणि कुठला सॉफ्टवेअर घ्यायचा यावर चाललं होतं. मी साहेबांना म्हणलं, आधी मला शाखांमध्ये जाऊन बसू द्या, लोक काय शोधतात ते बघू द्या. ते हो म्हणाले, आणि त्यांनी तेवढी मोकळीक दिली म्हणूनच पुढचं सगळं झालं. काउंटरच्या मागे खुर्ची टाकून बसायचं, काही सुचवायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. तुम्हाला इंट्रानेटवर काय हवं असं विचारलं की माणसं सगळं चांगलं आहे मॅडम असंच म्हणतात, हेड ऑफिसचं माणूस समोर असताना दुसरं काय म्हणणार. पण बघत बसलं की दिसतं, की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात १५जी आणि १५एच साठी (ठेवीच्या व्याजावर कर कापू नये म्हणून तेव्हा द्यायचे ते फॉर्म) रांग लागलेली होती आणि क्लार्कने जुनी प्रत ड्रॉवरमध्ये ठेवून तिच्याच झेरॉक्स काढल्यात, कारण साईटवर फॉर्म शोधत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

मग कार्डांचा प्रयोग केला, त्याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर एकेक काम लिहिलं: रजेचा अर्ज, पगाराची स्लिप, रि-केवायसी, मयत क्लेम, निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करणं, सोनेतारण दर, टीए बिल, कॅश रिमिटन्स, ऑडिटचे रिपोर्ट. कॅश टॅली झाली की संध्याकाळी शाखेतल्या चार-पाच जणांना बसवून सांगायचं, तुम्हाला पटतील तसे गठ्ठे करा आणि गठ्ठ्याला नाव द्या. एकाही शाखेने हेड ऑफिसच्या विभागांप्रमाणे गठ्ठे केले नाहीत. शब्द थोडे वेगळे, पण फिरून फिरून तेच तीन गठ्ठे यायचे: काउंटरला लागतं ते, माझं स्वतःचं (रजा, पगार, पीएफ, फॉर्म १६), आणि तपासणी आली की लागतं ते. हा तिसरा गठ्ठा हेड ऑफिसात बसून आमच्या कुणाच्या डोक्यात आलाच नसता! पण शाखाधिकाऱ्याला विचारा, इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री तो काय काय गोळा करत असतो. नव्या मेनूची नावं आम्ही तीच ठेवली: काउंटर, माझं काम, तपासणी. लेखा विभागातल्या एका सरांना ते फार घरगुती वाटलं, पण शाखांमधल्या लोकांची कार्डं टेबलावर मांडल्यावर त्यांनीही मान्य केलं.

डिझाइन करायच्या आधी मेनूची नुसती नावं, एकाखाली एक, कागदावर लिहून तपासली. मयत खातेदाराचा क्लेम कुठे मिळेल ते बोट ठेवून दाखवा, एवढंच विचारायचं. याला ट्री टेस्टिंग म्हणतात, खर्च काही नाही आणि प्रोग्रामरने एक ओळ लिहायच्या आत कळतं की कुठलं नाव फसवं आहे.

सगळ्यात जास्त डोकं लागलं ते सर्चला. ज्यांचा कारभार मराठीत चालतो त्यांनी हे नीट वाचावं असं मला वाटतं. एक तर आमची जुनी परिपत्रकं श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटात टाइप केलेली, ती युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत) नाही, त्यामुळे फाइल उघडून बघताना मराठी दिसतं पण कॉम्प्युटरच्या लेखी ती भलतीच अक्षरं असतात. स्कॅन केलेल्यांसाठी टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर वापरलं, ते फुकट आहे आणि मराठी वाचतं, स्कॅन स्वच्छ असलं तर बऱ्यापैकी वाचतं. दुसरं, युनिकोडमध्येही तेच अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. ‘कर्मचाऱ्यांसाठी’ हा आमच्या निम्म्या परिपत्रकांच्या विषयात येणारा शब्द, त्यातला ऱ्या कुणी ऱ वापरून लिहितं, कुणी साधा र आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्याला फरक नाही, सर्चला दोन वेगळे शब्द. ॲ चंही तसंच, अख्खं एक अक्षर किंवा अ वर अर्धचंद्र. हे सगळं आधी एकसारखं करून घ्यावं लागलं. आणि तिसरं म्हणजे आपली विभक्ती. माणूस ‘रजा’ टाइप करतो आणि कागदावर असतं रजेचा, रजेसाठी, रजेवरील. तयार सॉफ्टवेअर हे जमेल तसं जमवतं, म्हणून नेहमीच्या कामाच्या शब्दांची यादी आम्ही हाताने केली: रजा, रजे, सुट्टी, लीव्ह, एलटीसी असं एकत्र बांधलं. मयत, मृत, डेथ, वारस, क्लेम हेही एकत्र. रोमन लिपीत टाइप करणारेही खूप, त्यांची स्पेलिंगंही त्यातच घातली. हे कंटाळवाणं काम आहे पण याच्यानेच फरक पडला असं माझं स्पष्ट मत आहे, रंग-बिंग नंतरची गोष्ट.

जुनी परिपत्रकं काढायला मात्र कुणी तयार नव्हतं. असू दे, लागेल कधीतरी, ऑडिटमध्ये मागतील. ही भीती खोटी नाही, जुनं लागतंच. पण चालू आणि रद्द एकाच यादीत असले की सर्च कितीही चांगला करा, चुकीचं वर येणार. नेमकं त्याच वेळी, नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी, रिझर्व्ह बँकेने आपली नऊ हजारांहून जास्त परिपत्रकं आवरून २४४ मास्टर डायरेक्शन (विषयवार एकत्र केलेल्या सूचना) केली. मीटिंगमध्ये मी तेच पुढे ठेवलं, रिझर्व्ह बँक करू शकते तर आपण का नाही. त्यावर कुणाचा विरोध राहिला नाही. आता रद्द झालेलं वेगळ्या कपाटात, उघडलं तर वर लाल पट्टी आणि नव्याची लिंक, आणि सर्चमध्ये ते मुद्दाम मागितल्याशिवाय येत नाही. प्रत्येक पानावर जबाबदार पदाचं नाव आणि शेवटी तपासल्याची तारीख. पद लिहितो, माणसाचं नाव नाही, कारण बदल्या होतात. तारीख जुनी झाली की त्या टेबलला आपोआप मेल जातो आणि माझ्याकडे यादी येते.

फोटोंचं म्हणाल तर ते काढले नाहीत, संचालक मंडळ आणि कार्यक्रम असं स्वतंत्र पान केलं, आणि होमपेजवर मोठा सर्च, तीन मेनू आणि आजची नवीन परिपत्रकं. चेअरमन साहेबांना आम्ही शाखेतल्या पीसीवर जुनं आणि नवीन दोन्ही उघडून दाखवलं, त्यांनी स्वतः सांगितलं की फोटो आत घ्या.

चाचणीबद्दल थोडं. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या यातले तज्ज्ञ जेकब नील्सन यांचा नियम प्रसिद्ध आहे की पाच माणसांबरोबर चाचणी घेतली तरी वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी दिसतात. तो मला खरा वाटला, पण त्यात एक अट आहे की ती पाच माणसं एकाच प्रकारची हवीत. कॅशिअर, कर्ज अधिकारी आणि शाखाधिकारी यांची कामं इतकी वेगळी की प्रत्येकाचे वेगळे पाच घ्यावे लागले. वापरायला किती सोपं आहे ते मोजायला एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) वापरलं, जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली दहा प्रश्नांची यादी, तिच्यात शंभरपैकी गुण मिळतात आणि सरासरी ६८ धरतात. प्रश्न मराठीत करून घेतले. जुनं इंट्रानेट ६८ च्या बरंच खाली होतं, नवीन वर गेलं. निवृत्तीला आलेल्या एका कॅशिअर काकांनी क्लेमचा फॉर्म कुणाला न विचारता काढला आणि म्हणाले, “पोरी, आता फोन करायला नको बघ हेड ऑफिसला.” मला त्या आकड्यापेक्षा याचा जास्त आनंद झाला.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद केला नाही, करूही नये. फक्त आता फोटोऐवजी लिंक टाकायची असं ठरलंय आणि बहुतेक शाखा टाकतात.

आता सर्चमध्ये काहीच सापडलं नाही अशा शब्दांची यादी मी दर शुक्रवारी बघते आणि शब्दांच्या गठ्ठ्यात भर घालते. परवाच त्यात ‘लॉकरची चावी हरवली’ असं अख्खं वाक्य आलं होतं आणि त्याचं सोपं असं पान आमच्याकडे नव्हतंच, ते आता लिहायला घेतलंय. श्रीलिपीतले व्याजदराचे जुने तक्ते अजून राहिलेत, युनिकोड करताना त्यांचे रकाने मोडतात आणि एकेक हाताने लावावा लागतो, ते मार्चअखेरची गडबड संपली की.