अ‍ॅशव्हिल: मामांबरोबर मोगच्या गावी

कोणी भारतातून आलं की नायगारा, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क असं ठरलेलं असतं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मामा आमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला आले आणि दुसऱ्याच सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "काय गं, ते मोगचं गाव तुझ्या हितनं किती लांब हाय?" मोग म्हणजे बॉब मोग यांच्या नावाची सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारी वाद्यं (थोडक्यात सिंथ), बनवणारी कंपनी, आणि तिचं गाव म्हणजे आमच्याच राज्यातलं अ‍ॅशव्हिल.

मामा म्हणजे कोल्हापुरातल्या ऑर्केस्ट्राचे कॅसिओवाले. खरं तर वाजवायचे यामाहा नाहीतर रोलंड, पण आपल्याकडे पट्ट्या असलेली आणि वायरवर चालणारी प्रत्येक वस्तू कॅसिओच. गणपतीचे दहा दिवस ते घरी जेवायलासुद्धा नसायचे, आणि उरलेलं वर्षभर लोकांच्या पेट्या आणि कीबोर्ड दुरुस्त करायचे. मी लहानपणी त्यांच्या टेबलाखाली बसून सोल्डरिंगचा वास घेत अभ्यास केलाय. मोगचं नावही त्यांच्याकडूनच ऐकलं, फक्त ते "मूग" म्हणायचे, उसळीतला. बॉब मोग स्वतः मात्र "मोग" म्हणायचे, आणि गोव्यात मोग म्हणजे प्रेम, हे मामांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की नंतर चुकूनही मूग म्हणाले नाहीत.

त्याच वर्षी जूनमध्ये बातमी आली होती की मोग म्यूझिक इनम्यूझिकनं विकत घेतली. इनम्यूझिक म्हणजे ऱ्होड आयलंडची मोठी कंपनी, अकाई प्रोफेशनल, अलेसिस, एम-ऑडिओ, न्यूमार्क, डेनॉन डीजे सगळे ब्रँड त्यांचेच. आणि सप्टेंबरमध्ये अ‍ॅशव्हिलच्या कारखान्यातल्या बऱ्याच लोकांना कामावरून कमी केल्याचं कळलं, उत्पादन बहुतेक सगळं परदेशात जाणार म्हणून. मला फार लागलं ते. २०१९ मध्ये मी त्याच कारखान्यात जाऊन आले होते, तिथं बनलेला मदर-३२ हा छोटा सिंथ घरी टेबलावर आहे. त्यामुळे मामांनी विचारल्यावर मी लगेच शनिवार ठरवून टाकला.

कॅरीहून आय-४० धरला की सरळ पश्चिमेला, साधारण चार तास. ग्रीन्सबोरो, विन्स्टन-सेलम, हिकरी, तोवर रस्ता कंटाळवाणा आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ओल्ड फोर्टनंतर मात्र एकदम घाट लागतो, ट्रक उजवीकडनं रडत रडत चढत असतात, आणि ऑक्टोबर असल्यामुळे दोन्ही बाजूला डोंगर नुसता पेटलेला, लाल, पिवळा, तांबडा. मामा आंबा घाटाशी तुलना करत होते आणि शेवटी म्हणाले, रंग हितले भारी, पण पाऊस आपलाच.

मोगझियम, म्हणजे मोगचं म्युझियम, अ‍ॅशव्हिलच्या ५६ ब्रॉडवे स्ट्रीटवर आहे, मे २०१९ मध्ये उघडलं. एक गोष्ट आधीच सांगते, कारण लोकांचा गोंधळ होतो: हे कंपनीचं म्युझियम नाही. बॉब मोग फाउंडेशन ही वेगळी, ना-नफा संस्था आहे, बॉबच्या मुलीनं ते गेल्यावर उभी केलेली. म्हणजे कंपनी विकली गेली तरी हे विकलं गेलेलं नाही.

जागा छोटी आहे, पण आम्ही तीन तास होतो. तिथं थेरेमिन वाजवता येतं. हात न लावता वाजवायचं वाद्य, उजवा हात उभ्या दांडीजवळ नेला की सूर चढतो, डावा हात आडव्या कड्यावरनं वर उचलला की आवाज वाढतो. बॉब शाळकरी वयात वडिलांबरोबर थेरेमिन बनवायला लागले, पुढे थेरेमिनचे किट विकत विकतच शिकले. माझी लेक त्यातून नुसता भुताचा आवाज काढत होती. मग मामा उभे राहिले, डोळे मिटले, आणि हळूच मींड घेत सा वरनं पंचमापर्यंत गेले. पहिल्यांदा सरकला, दुसऱ्यांदा बरोब्बर लागला. शेजारचे एक आजोबा टाळ्या वाजवायला लागले.

पुढे विजेचा आवाज कसा होतो ते दाखवलंय. बॉबचा लॅडर फिल्टर, म्हणजे आवाजातला वरचा तीक्ष्ण भाग कापणारं सर्किट, लेकीला कसा समजवावा कळेना, तर मामाच म्हणाले, "तोंड मिटून ऊ म्हण, आता न थांबता हळूहळू आ कर. कटऑफची कळ फिरवली की तेच हुतंय." इतकं सोपं मला इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मामा सगळ्यात जास्त वेळ थांबले ते कंपनीच्या इतिहासापाशी. मी वाचून सांगत होते. १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात हर्ब डॉइच या संगीतकाराबरोबर बॉबनी पहिला मॉड्युलर (सुटे भाग वायरींनी जोडून वाजवायचा) सिंथ केला, ट्रुमन्सबर्ग नावाच्या छोट्या गावात कारखाना टाकला, १९७० मध्ये मिनीमोग आला, ज्यामुळे सिंथ कपाटाएवढा होता तो काखेत मारून स्टेजवर नेता यायला लागला. (याच काळातला एक मॉड्युलर मोग १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, आला होता, त्यावर संगीतकार गीता साराभाईंसारख्या लोकांनी काम केलं, त्या टेप कितीतरी वर्षांनी सापडल्या.) पण पैशाचं गणित कधी जमलंच नाही. १९७१ मध्ये कंपनी विकावी लागली, दोन वर्षांत ती नॉर्लिन या दुसऱ्या कंपनीकडे गेली, १९७७ ला बॉब बाहेर पडले. आणि नाव तिकडंच राहिलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या या डोंगरात येऊन त्यांनी बिग ब्रायर नावानं परत थेरेमिन बनवायला सुरुवात केली, स्वतःचं आडनाव कंपनीला लावायला मिळालं ते थेट २००२ मध्ये. तीन वर्षांनी, २००५ ला, ते गेले.

"म्हंजे ज्यानं वाद्य केलं त्यालाच आपलं नाव घालता येत न्हवतं?" मामा दोनदा म्हणाले. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर अजून आजोबांचं नाव आहे.

तिथनं १६० ब्रॉडवेपर्यंत, कंपनीच्या कारखान्यापर्यंत, आम्ही चालत गेलो. संध्याकाळ झाली होती, दार बंद. मी २०१९ ला आले तेव्हा आत लोक बाकांवर बसून सिंथ जोडत होते, एक मुलगी एकेक कळ फिरवून ट्यूनिंग तपासत होती, आणि आम्हाला फिरवणाऱ्यानं अभिमानानं सांगितलं होतं की २०१५ पासून कंपनीचा ४९ टक्के हिस्सा कामगारांचा आहे. मी तेव्हा घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं की नोकरी करावी तर अशी. त्या हिश्श्याच्या भरवशावर काही लोकांनी इथं घरं घेतली असतील, मुलं शाळेत घातली असतील.

मामांचं मत वेगळं पडलं. ते म्हणाले, मोठ्या कंपनीनं घेतलं म्हणजे बुडालंच असं नाही, अकाईची एमपीसी ही ताल-यंत्रं अजून निघतायत की, आणि स्वस्त झाला तर कोल्हापुरातल्या पोराला पण मोग मिळंल. हे मला नाकारता येत नाही. माझ्या मामांना चाळीस वर्षांत एकदाही खऱ्या मोगवर बोट ठेवायला मिळालं नव्हतं. पण मला नुसतं नाव जगून पुरत नाही. जी माणसं तो आवाज ओळखायला शिकली, खराब फिल्टर कानानं पकडायला शिकली, त्यांना एका महिन्यात घरी पाठवायचं आणि पाटी तीच ठेवायची, हे मला चूक वाटतं, आणि मी ते मामांना तिथंच फुटपाथवर सांगितलं. ते काही बोलले नाहीत. काचेला दोन्ही हात लावून बराच वेळ आत अंधारात बघत होते.

रात्री साडेअकराला घरी पोचलो. जेवण झाल्यावर मामांनी मदर-३२ मांडीवर घेतला, चष्मा वर केला आणि त्याच्या ३२ जॅकच्या नटांवरनं एकेक करून बोट फिरवलं.

"हातानं आवळलेत," म्हणाले, "एकबी ढिला न्हाई."

मग हेडफोन लावला, कटऑफची कळ धरली, आणि मी झोपायला गेले तेव्हा दीड वाजला होता, मामा अजून ऊ वरनं आ वर चाललेच होते.